वाटाघाटीला बसण्याआधी: आक्विनो द ब्रागांझा आणि मोझांबिकचं १९७४

२५ एप्रिल १९७४ च्या पहाटे लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सरकार उलथवलं. १९२६ पासूनची हुकूमशाही दिवस मावळायच्या आत संपली. पोर्तुगालची वसाहत असलेल्या मोझांबिकमध्ये त्याआधी जवळजवळ दहा वर्षं सशस्त्र लढा देणाऱ्या फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेचं मुख्यालय टांझानियात, दार-ए-सलामला होतं. त्यांच्यासाठी ही बातमी मोठी होती, पण तिच्यातून एक अवघड पेचही उभा राहिला. आता पोर्तुगालच्या वतीने नेमकं कोण बोलतंय?

लिस्बनमधून तीन वेगवेगळे आवाज येत होते. राष्ट्राध्यक्षपदी आलेले जनरल स्पीनोला गिनीत सेनापती राहिले होते. ही युद्धं शस्त्राने जिंकता येणार नाहीत, असं त्यांनी फेब्रुवारीतच पुस्तक लिहून सांगितलं होतं. मात्र त्यांच्या डोक्यात स्वातंत्र्य नव्हतं, लिस्बनच्या छत्राखालचं संघराज्य होतं. दुसरे मारियु सुआरिश. पॅरिसच्या वनवासातून परतलेले हे समाजवादी नेते परराष्ट्रमंत्री झाले होते. तिसरी बाजू म्हणजे ज्यांनी प्रत्यक्षात सत्ता उलथवली ते कॅप्टन आणि मेजर, म्हणजेच सशस्त्र दल चळवळ. त्यांची नावं बाहेरच्या जगात फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

फ्रेलिमोचे अध्यक्ष सामोरा माशेल यांनी हा गुंता सोडवायला जो माणूस लिस्बनला पाठवला, तो मंत्री नव्हता, सेनानी नव्हता आणि जन्माने मोझांबिकचाही नव्हता. तो बार्देशचा गोंयकार होता. पदार्थविज्ञान शिकलेला, पत्रकारितेवर जगणारा, पन्नाशीचा आक्विनो द ब्रागांझा.

गोव्याच्या मुक्तिलढ्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक पणजी, मडगाव, सावंतवाडी आणि पुण्यापाशी थांबतं. गोव्यातून बाहेर पडलेल्या काहींनी तोच लढा आफ्रिकेत पुढे नेला, हा भाग मराठीत फार कमी येतो. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडतो आहे. यात ब्रागांझांचं चरित्र पूर्ण येणार नाही. १९७४ च्या चार-साडेचार महिन्यांत त्यांनी काय ओळखलं, त्याचा उपयोग कसा झाला आणि त्यातून काय निसटलं, एवढंच बघायचं आहे.

माणूस कुठून आला

ब्रागांझांचा जन्म ६ एप्रिल १९२४ चा. तरुणपणी कामाच्या शोधात ते मोझांबिकला गेले. पोर्तुगीज वसाहतीत गोव्याच्या ख्रिस्ती मध्यमवर्गाची जागा ठरलेली होती: कचेरीत, कस्टममध्ये, रेल्वेत कारकुनी करायची, गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर. या मधल्या पायरीवर बसून पिढ्यांच्या पिढ्या सुखाने जगल्या. ब्रागांझांना ती पायरी मानवली नाही. तिथला वंशभेद बघून ते निघाले, आधी पोर्तुगालला आणि मग फ्रान्सला.

फ्रान्समध्ये त्यांची गाठ पोर्तुगीज वसाहतींतल्या तरुणांशी पडली. अंगोलाचे मारियु द आंद्राद आणि मोझांबिकचे मार्सेलिनु दुश सांतुश हे त्यांतले दोघे. पुढे मोरोक्कोत ते शिक्षक झाले आणि तिथल्या डाव्या चळवळीचे नेते मेहदी बेन बार्का यांचं सचिवाचं कामही त्यांनी केलं. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची एक समन्वय परिषद उभी राहिली. अंगोला, गिनी, मोझांबिक, साओ तोमे यांच्याबरोबर त्या परिषदेत गोव्याच्या संघटनाही होत्या. त्यानंतर आठ महिन्यांनी भारतीय सैन्य गोव्यात उतरलं. गोवा मोकळा झाला, पण ब्रागांझा घरी परतले नाहीत. अल्जेरिया स्वतंत्र होताच ते अल्जिअर्सला गेले. साठच्या दशकातलं अल्जिअर्स म्हणजे आफ्रिकेतल्या जवळपास प्रत्येक मुक्तिचळवळीचं ठाणं. तिथे ते बातमीदारी करत राहिले आणि पुढे पॅरिसहून निघणाऱ्या 'आफ्रिक-आझी' या नियतकालिकात लिहीत राहिले.

या पत्रकारितेनेच त्यांना घडवलं, असं माझं मत आहे. चळवळीतला कार्यकर्ता शत्रूकडे एकसंध भिंत म्हणून बघतो, कारण लढायचं तर तसं बघणं सोयीचं असतं. बातमीदाराला मात्र रोज विचारावं लागतं की अमुक निर्णय कुणी घेतला, कुणी अडवला, कुणाचं कुणाशी पटत नाही. वीस वर्षांच्या वनवासात ब्रागांझांना दोन्ही सवयी लागल्या होत्या.

अधिकाऱ्यांच्या मनातला गोवा

पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बंड का केलं, हे समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. ठिणगी तशी क्षुल्लक होती. जुलै १९७३ मध्ये सरकारने एक हुकूम काढला आणि सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना छोट्या अभ्यासक्रमानंतर कायम अधिकाऱ्यांच्या बरोबरीची ज्येष्ठता देऊ केली. कायम अधिकारी चिडले आणि बैठका घेऊ लागले. बैठकांत बढतीचा विषय लवकरच मागे पडला आणि युद्धाचा पुढे आला. तीन आघाड्यांवर तेरा वर्षं चाललेलं हे युद्ध जिंकता येत नाही आणि थांबवायला वरचे तयार नाहीत. मग उद्या पराभव झाला तर तो कुणाच्या माथी मारला जाईल?

याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी गोवा पाहिला होता. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना शरणागती न पत्करता शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. जवळ जेमतेम साडेतीन हजार सैनिक होते आणि लढाऊ विमानं नव्हतीच. वासालु इ सिल्वांनी निरर्थक कत्तल टाळून १९ डिसेंबरला शरणागती दिली. युद्धकैदी म्हणून काही महिने काढून ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्यावर आणि त्यांच्या अधिकाऱ्यांवर ठपका आला. १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. निर्णय राजकारण्यांचा आणि बदनामी वर्दीची, हा धडा पोर्तुगीज सैन्य विसरलं नाही. १९७३-७४ मध्ये असंतुष्ट अधिकाऱ्यांच्या बोलण्यात गोव्याचा दाखला पुन्हा पुन्हा येत असे. जानेवारी १९७४ मध्ये मोझांबिकच्या बैरा शहरात गोऱ्या वसाहतवाल्यांनी सैन्य आपलं रक्षण करत नाही म्हणून अधिकाऱ्यांच्या मेसवर दगडफेक केली. दुसरा गोवा आता मोझांबिकमध्ये होणार, ही भीती मग अधिकच गडद झाली.

गोव्याच्या मुक्तीचा हा परिणाम आपण क्वचितच मोजतो. ३६ तासांच्या त्या कारवाईने ४५१ वर्षांची सत्ता संपवली हे खरंच, पण तिने पोर्तुगीज सैन्य आणि पोर्तुगीज राज्यकर्ते यांच्यामध्ये जी भेग पाडली, तीच रुंदावत २५ एप्रिलपर्यंत पोचली. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे यांनी लिस्बनजवळच्या ज्या काशियास तुरुंगात शिक्षा भोगली आणि जानेवारी १९६९ मध्ये ज्याच्या बाहेर पाऊल ठेवलं, त्याच तुरुंगाची दारं एप्रिल १९७४ च्या शेवटच्या आठवड्यात पोर्तुगालच्या स्वतःच्या राजकीय कैद्यांसाठी उघडली. आणि ती भेग वाचायला फ्रेलिमोने ज्याला पाठवलं, तो गोव्याचाच निघाला.

जूनची बैठक आणि लिस्बनची खबर

५ आणि ६ जून १९७४ रोजी लुसाकात पहिली बैठक झाली. यजमान होते झांबियाचे अध्यक्ष केनेथ काउंडा. पोर्तुगालच्या बाजूने सुआरिश आले, त्यांनी माशेल यांना मिठी मारली आणि ते छायाचित्र जगभर गेलं. बोलणी मात्र तिथेच अडली. आधी युद्धविराम करा, मग जनमत घेऊन मोझांबिकचं भवितव्य ठरवू, हा स्पीनोलांचा प्रस्ताव घेऊन सुआरिश आले होते. फ्रेलिमोची भूमिका उलट होती. स्वातंत्र्याचा हक्क आणि फ्रेलिमोकडे सत्तांतर ही तत्त्वं मान्य झाल्याखेरीज बंदुका थांबणार नाहीत. दहा वर्षं लढलेल्या लोकांना तुम्हाला स्वातंत्र्य हवं आहे का, असं विचारणंच त्यांना अपमानास्पद वाटत होतं.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट दिसली. शिष्टमंडळात सशस्त्र दल चळवळीचे ओतेलु सारायव्हा द कार्व्हाल्यु होते, आणि त्यांचा कल परराष्ट्रमंत्र्यापेक्षा समोर बसलेल्या फ्रेलिमोकडे अधिक आहे, हे लपून राहिलं नाही. म्हणजे पोर्तुगालच्या बाजूलाच दोन पोर्तुगाल बसले होते.

ब्रागांझांचं काम इथे निर्णायक ठरलं. त्या उन्हाळ्यात लिस्बनमध्ये पत्रकार म्हणून त्यांना कुठेही सहज जाता येत होतं. मंत्री भेटत होते, डाव्या पक्षांतले जुने परिचित भेटत होते आणि अधिकारीही भेटत होते. त्यांनी माशेल यांना जे कळवलं त्याचा सारांश असा: सत्ता स्पीनोलांच्या राजवाड्यात नाही, सुआरिश यांच्या मंत्रालयातही नाही. ती चळवळीच्या अधिकाऱ्यांकडे आहे आणि त्यांच्यात ज्याच्याशी राजकीय बोलणं होऊ शकेल असा माणूस म्हणजे मेजर मेलु आंतुनिश. चळवळीचा राजकीय कार्यक्रम मेलु आंतुनिश यांनीच लिहिला होता.

आज हे वाचताना सोपं वाटतं. तेव्हा ते तसं नव्हतं. सुआरिश हे सुशिक्षित, युरोपभर ओळखी असलेले, हुकूमशाहीविरुद्ध लढलेले नेते होते. कोणत्याही चळवळीने स्वाभाविकपणे त्यांच्याशीच सूत जुळवलं असतं. याउलट मेलु आंतुनिश वसाहती सैन्याचे अधिकारी, आणि त्यांच्याच सैन्याने डिसेंबर १९७२ मध्ये तेतमधल्या विरियामूला गावकऱ्यांची कत्तल केली होती. कालपर्यंत गोळ्या झाडणाऱ्या सैन्यात भागीदार शोधा, असं आपल्या नेत्याला सांगायला धैर्य लागतं. आणि ते ऐकणाऱ्या माशेल यांचंही कौतुक करायला हवं.

दरम्यान पोर्तुगालमध्येच पारडं फिरलं. जुलैत पहिलं हंगामी सरकार पडलं. चळवळीचे वास्कु गोन्साल्व्हिश पंतप्रधान झाले आणि मेलु आंतुनिश मंत्रिमंडळात आले. २७ जुलैला स्पीनोलांना वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क जाहीरपणे मान्य करावा लागला. त्याच सुमारास मेलु आंतुनिश गुपचूप दार-ए-सलामला जाऊन माशेल यांना भेटले. १ ऑगस्टला उत्तरेतल्या ओमार ठाण्यावरचे पोर्तुगीज सैनिक लढाईविना फ्रेलिमोच्या स्वाधीन झाले. आपलं सैन्य आता लढणार नाही, याचा याहून मोठा पुरावा लिस्बनला नको होता. ऑगस्टच्या मध्यावर दार-ए-सलामला पुन्हा बोलणी झाली आणि ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाकात करारावर सह्या पडल्या.

करार स्वच्छ होता. युद्धविराम लगेच. हंगामी सरकारचा पंतप्रधान फ्रेलिमोचा, मंत्र्यांपैकी दोनतृतीयांश फ्रेलिमोचे आणि उरलेले पोर्तुगालचे. पोर्तुगालचा एक उच्चायुक्त आणि दोन्ही बाजूंचा संयुक्त लष्करी आयोग. पूर्ण स्वातंत्र्य २५ जून १९७५ ला, म्हणजे फ्रेलिमोच्या स्थापनादिनी. जनमत नाही, मधली निवडणूक नाही. सह्या झाल्या त्याच दिवशी राजधानी लोरेंसु मार्किशमध्ये (आजचं मापुतो) गोऱ्यांच्या एका गटाने रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. लिस्बनमध्ये त्यांचं ऐकणारं सरकार असतं तर करार तिथेच मोडला असता. तसं झालं नाही. काही दिवसांत बंड मिटलं, मात्र शहराभोवतीच्या वस्त्यांत बरंच रक्त सांडलं. २० सप्टेंबरला जोआकिम शिसानो पंतप्रधान झाले. महिन्याच्या अखेरीस स्पीनोलांनी राजीनामा दिला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला.

करारात न मावलेलं

वाटाघाटी म्हणून बघितलं तर हे लखलखीत यश आहे. पण ब्रागांझा त्यावर समाधान मानून बसले नाहीत. ते ना मंत्री झाले ना वकिलातीत जाऊन बसले. १९७६ मध्ये मापुतोच्या एदुआर्दु मोंदलानी विद्यापीठात त्यांनी आफ्रिकी अभ्यास केंद्र सुरू केलं आणि राजकीय अर्थशास्त्राकडे वळले. सत्ता कुणाकडे आहे हा जुना प्रश्न आता त्यांनी अर्थव्यवस्थेला विचारला.

मोझांबिकची अर्थव्यवस्था शेजाऱ्यांच्या सोयीसाठी घडवलेली होती. बंदरं आणि रेल्वेमार्ग ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेचा माल वाहायला. दक्षिणेकडचे पुरुष ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणीत. खाणकामगारांच्या पगारातला मोठा हिस्सा राखून ठेवला जाई आणि तो पोर्तुगालला अधिकृत भावाने सोन्यात मिळे. सत्तरच्या दशकात खुल्या बाजारातला सोन्याचा भाव अधिकृत भावाच्या कितीतरी पट झाला. मधला सगळा फरक लिस्बनच्या तिजोरीत गेला. खोल खाणीत राबणाऱ्याच्या हाती ठरलेलाच पगार आला.

स्वातंत्र्याच्या वर्षी एक लाखाहून अधिक मोझांबिकी पुरुष या खाणींत होते. पुढच्या दोनेक वर्षांत दक्षिण आफ्रिकेने भरती इतकी कमी केली की हा आकडा चाळीस हजारांच्या आसपास आला. एप्रिल १९७८ मध्ये सोन्याची तरतूदही संपली. वंशभेदी राजवटीच्या खाणींतलं काम बंद व्हायला हवं, ही फ्रेलिमोची भूमिका नैतिकदृष्ट्या निर्विवाद होती. पण ते एकदम बंद झालं तर काय होईल, हे कुणी तपासलं नव्हतं. १९७७ मध्ये केंद्राने ते तपासलं. संशोधनाची धुरा रूथ फर्स्ट यांच्याकडे होती. त्या दक्षिण आफ्रिकेच्या पत्रकार, तुरुंगवास सोसून वनवासात आलेल्या. संशोधक खाणकामगारांना आणि इन्यांबानेतल्या त्यांच्या घरच्यांना जाऊन भेटले. त्यांना आढळलं की खाणीतला पगार आणि गावातली शेती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. नांगर, बैल, घर, लग्न, सगळं खाणीच्या पैशावर उभं होतं. पगार थांबला की शेतीही खचणार होती. सहकारी शेतीची स्वप्नं बघणाऱ्या सरकारला हे सांगणं सुखाचं नव्हतं, पण केंद्राने सांगितलं.

लुसाका करारात याला जागा नव्हती. तिथे राजकीय सत्तेचं हस्तांतर ठरलं. मोझांबिकच्या नावावर पोर्तुगालने घेतलेल्या कर्जांपैकी जी खऱ्या अर्थाने मोझांबिकच्या हिताची, त्यांची जबाबदारी फ्रेलिमोने घेतली. झांबेझीवरच्या काहोरा बासा धरणाचं काय झालं ते मात्र बघण्यासारखं आहे. स्वातंत्र्याच्या दोन दिवस आधी, २३ जून १९७५ ला, त्या धरणाची कंपनी स्थापन झाली आणि तिचा ८२ टक्के हिस्सा पोर्तुगालकडे राहिला. वीज दक्षिण आफ्रिकेला जायची. हा बहुमताचा हिस्सा मोझांबिकच्या हाती यायला २००७ साल उजाडावं लागलं आणि सारा व्यवहार ९५ कोटी डॉलरचा ठरला. त्याच काळात जवळपास दोन लाखांच्या गोऱ्या वस्तीतले बहुतेक लोक निघून गेले. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर असलेल्या देशात डॉक्टर, मेकॅनिक, हिशेबनीस, इंजिनचालक उरले ते बोटांवर मोजण्याइतके.

१७ ऑगस्ट १९८२ रोजी विद्यापीठातल्या कचेरीत टपालातून आलेल्या बॉम्बने रूथ फर्स्ट यांचा जीव घेतला. तो दक्षिण आफ्रिकी सुरक्षा पोलिसांनी पाठवला होता. ब्रागांझा त्याच खोलीत होते. ते जखमी झाले, पण वाचले.

तोच प्रश्न, दहा वर्षांनी

१६ मार्च १९८४ ला मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका यांनी एनकोमाती करार केला. मोझांबिकने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लढवय्यांना थारा द्यायचा नाही, दक्षिण आफ्रिकेने मोझांबिक सरकारविरुद्ध लढणाऱ्या रेनामो बंडखोरांना मदत द्यायची नाही. मोझांबिकने आपली बाजू पाळली. ऑगस्ट १९८५ मध्ये गोरोंगोझातलं रेनामोचं मुख्य ठाणं हाती आलं आणि तिथे सापडलेल्या कागदपत्रांतून दिसलं की दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने रेनामोची मदत थांबवलीच नव्हती. सही दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे पंतप्रधान बोथा यांनी केली होती आणि रेनामोची रसद लष्कराच्या हातात होती.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की ब्रागांझांच्या १९७४ च्या कामाची खरी किंमत दिसते. तेव्हा फ्रेलिमोने आधी शोधलं की शब्द पाळण्याची ताकद कुणाकडे आहे आणि मग त्याच्याशी बोलणी केली. १९८४ मध्ये मोझांबिक दुष्काळाने आणि युद्धाने इतकं पिचलं होतं की निवड करायला वावच राहिला नव्हता. जो सही करायला तयार, त्याच्यासमोर बसावं लागलं. शिवाय लिस्बनमध्ये सैन्य युद्धाला कंटाळलेलं होतं आणि प्रिटोरियात सैन्यालाच युद्ध हवं होतं. इतका मूलभूत फरक असताना कोणताही दूत काय करू शकला असता, हे मला सांगता येणार नाही. एवढं मात्र दिसतं की १९७४ चं यश निव्वळ हुशारीचं नव्हतं. समोरच्या सैन्यात जी फूट वापरता आली, ती गिनी, अंगोला आणि मोझांबिकच्या गनिमांनी वर्षानुवर्षं लढून पाडली होती, आणि तिची सुरुवात मांडवीकाठी झाली होती.

शेवटच्या दोन वर्षांत ब्रागांझांनी दोन महत्त्वाचे लेख लिहिले. एकात त्यांनी सत्तांतराच्या त्या महिन्यांकडे वळून पाहिलं आणि त्याला 'निर्वसाहतीकरणाविना स्वातंत्र्य' असं नाव दिलं. सत्ता हाती आली, पण जुनं राज्ययंत्र मोडून नवं उभारण्याचं काम करारात ठरलं नव्हतं आणि ते ठरणं शक्यही नव्हतं. दुसरा लेख १९८६ चा, झाक देपेलशें यांच्यासोबतचा. फ्रेलिमोचा इतिहास विजयांची पूजा म्हणून लिहिणं थांबवा आणि अडचणींच्या जागा शोधा, असं त्यांनी त्यात बजावलं. स्वतःच्या सरकारविषयी, तेही युद्ध चालू असताना, असं लिहिणारे लोक कुठल्याच चळवळीत फार नसतात.

१९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री झांबियातल्या एम्बालाहून परतताना माशेल यांचं तुपोलेव्ह विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत एम्बुझिनीला डोंगरावर आदळलं. माशेल गेले, आणि त्यांच्यासोबत असलेले ब्रागांझाही. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशी आयोगाने वैमानिकांना दोष दिला. पुढे वंशभेदी राजवट संपल्यावर तिथल्याच सत्यशोधन आयोगाने त्या निष्कर्षावर शंका घेतली आणि अधिक तपासाची गरज सांगितली. तो तपास अजून निकालापर्यंत पोचलेला नाही.